हातमोज्यांच्या खणामागची शेगडी

आपल्याकडे मोटारगाडी बाळगणाऱ्याची मुख्य चिंता एकच, ती म्हणजे इंजिन तापू नये. चोर्ला घाटाच्या चढणीवर बॉनेट उघडून उभा असलेला आणि जवळच्या ओहोळावरून पाण्याचा डबा भरून आणणारा चालक कोणी पाहिला नाही? रेडिएटर हा शब्द खानापूरकडच्या शेतकऱ्यासही ठाऊक आहे, आणि तो उच्चारताच त्याच्या डोळ्यांपुढे वाफ उभी राहते. अशा वाचकांस आम्ही सांगितले की, याच रेडिएटरचे एक धाकटे भावंड असते, ते बसणाऱ्याच्या गुडघ्यांपुढे डॅशबोर्डाच्या पोटात दडवलेले असते आणि ते फुटले तर प्रसंग जिवावर बेतू शकतो, तर त्यांस ते नवल वाटेल. परंतु आपल्या धर्मग्रामांतून हल्ली इतकी मुलेबाळे थंड देशांत पोटापाण्यासाठी गेली आहेत की, या धाकट्या भावंडाची ओळख त्यांच्या आईबापांनाही असलेली बरी.

आमची मधली कन्या परिचारिका आहे. विवाहानंतर ती आणि जावईबापू कॅनडातील सस्कॅचेवान प्रांती मूस जॉ नावाच्या गावी स्थायिक झाली. २०२२ च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता हिवाळाभर राहण्याच्या बेताने तिच्याकडे गेलो. तो प्रांत म्हणजे गव्हाचे अफाट माळरान. डोंगर नाही, टेकडी नाही. वाऱ्यास अडवील असे काहीच नाही. कन्येचे रुग्णालय प्रांताच्या राजधानीत, म्हणजे रिजायना शहरी, घरापासून सुमारे ७० किलोमीटरांवर. आठवड्यातून तीन-चार रात्री ती ट्रान्स-कॅनडा महामार्गाने एकटी जाई आणि सकाळी परत येई. हिवाळ्यात तेथे पारा उणे ३० अंशांपर्यंत सहज उतरतो, आणि वारा सुटला म्हणजे जमिनीवरचा भुसभुशीत बर्फ उठून रस्ताच दिसेनासा होतो. प्रत्येक गाडीच्या पुढच्या जाळीतून विजेची वायर व प्लग लोंबत असतो. आमच्या कुटुंबाने प्रथम पाहिले तेव्हा विचारले, "या साऱ्या गाड्या विजेवर चालतात की काय?" तसे नव्हे. रात्रभर थिजून पडलेले इंजिन सकाळी चालू व्हावे म्हणून त्यास विजेने ऊब द्यावी लागते. गोठ्यातल्या म्हशीस पावसात गोणपाट घालावे, तसाच हा प्रकार.

कन्येकडे होती ती फोर्ड कंपनीची एफ-१५० नावाची पिकअप, १९९४ सालची. एका शेतकऱ्याकडून घेतलेली, रंग उडालेला, मागच्या हौद्यास गंजाची नक्षी. इंजिन मात्र सहा सिलिंडरांचे, एका रांगेतले, ४.९ लिटरचे. या इंजिनाची कीर्ती आम्ही तिकडे गेल्यावर ऐकली. १९६५ पासून १९९६ पर्यंत ते बनत होते, आणि पत्रा कुजून जातो पण हे इंजिन मरत नाही असे तेथील शेतकरी सांगतात. जावईबापू आपल्या कामावर पायी जात, म्हणून गाडी कन्येच्या वाट्यास.

आता ही आतली शेगडी चालते कशी, ते सांगितले पाहिजे. पेट्रोल जळून जी शक्ती निर्माण होते, तिच्यातील साधारण चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचतो. बाकीची उष्णता होऊन जाते; काही धुरासोबत बाहेर पडते, काही इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरते. आपण हे पाणी रेडिएटरात नेऊन उष्णता वाऱ्यावर उधळतो. थंड देशातला मनुष्य ती अशी उधळत नाही. तो इंजिनातून दोन रबरी नळ्या काढतो, पत्र्याच्या भिंतीतून बैठकीकडे नेतो आणि तेथे वहीएवढ्या आकाराचा एक छोटा रेडिएटर बसवतो. यासच हीटर कोअर म्हणतात; आम्ही येथे सोयीसाठी जाळी म्हणू. इंजिनाचे सुमारे ९० अंशांचे पाणी जाळीतून फिरते, पंखा तिच्यावरून हवा फुंकतो आणि गरम हवा पायांवर, हातांवर व समोरच्या काचेवर येते. भाकरी झाल्यावर आपल्या बायका उरलेल्या निखाऱ्यांवर अंघोळीचे पाणी ठेवतात, त्यातलीच ही काटकसर आहे. निराळे जळण लागत नाही.

या तिन्हींमध्ये काच सर्वांत महत्त्वाची. पाय गारठले तर मनुष्य सोसतो. पण बंद गाडीत श्वासाची वाफ थंड काचेवर बसते, आणि त्या थंडीत ती दवासारखी राहत नाही; आतल्या बाजूने तिचा बर्फ होतो. गरम, कोरडी हवा काचेवर आली नाही तर चालकास काही दिसत नाही.

पाण्याविषयीही एक शब्द. तिकडे निव्वळ पाणी कोणी घालीत नाही. ते गोठून फुगेल व इंजिनच फोडील. अर्धे पाणी आणि अर्धे एथिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण घालतात, ते सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. त्यास कूलंट म्हणतात. ते चवीला व वासाला गोड, आणि म्हणूनच घातकी आहे. जमिनीवर सांडलेले थारोळे कुत्री चाटतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. लहान मुलांपासून ते जपून ठेवावे लागते.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या कुटुंबास पिकअपमध्ये बसताच गुळाच्या पाकासारखा वास आला. "बाई, यात काकवी सांडली होती काय?" असे तिने विचारले, कन्येने हसून विषय टाळला. पुढे आमच्या ध्यानात आले की, रात्रपाळीहून आल्यावर ती रोज एक फडके धुऊन वाळत घालते आणि ते फडके तेलकट असते. आम्ही चौकशी केली तेव्हा सारे बाहेर आले. काचेवर आतून एक चिकट, धुरकट थर धरत होता. तो पुसला की पसरे. म्हणून ती एका हाताने चाक धरून दुसऱ्या हाताने काच पुशी, आणि वाफ कमी व्हावी म्हणून शेजारची काच चार बोटे उघडी ठेवी. हे सर्व ताशी १०० किलोमीटर वेगाने, अंधारात, मालमोटारींच्या रांगेत. "बाबा, तुम्ही काळजी कराल म्हणून बोलले नाही," एवढेच ती म्हणाली.

खुणा स्पष्ट होत्या. गोड वास, चिकट काच, उजव्या बाजूच्या पायांखालचा गालिचा ओलसर, आणि कूलंटची पातळी दर दोन दिवसांनी बोटभर खाली. (तिकडे चालक डावीकडे बसतो, हे ध्यानात असावे.) जाळी गळत होती. गळलेले कूलंट पंख्याच्या हवेत मिसळून काचेवर येत होते.

जावईबापूंनी एका गॅरेजला दूरध्वनी केला. गाडी न पाहताच तेथून उत्तर आले की, सारा डॅशबोर्ड उतरवावा लागेल, दिवसभराचे काम आहे, आणि खर्च १,१०० डॉलर. जाळीची किंमत विचारली तर ती ६० डॉलरांच्या आत! बाकीची सारी मजुरी. हा आकडा ऐकून जावईबापू गप्प झाले. त्याच महिन्यात त्यांनी आपल्या वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी गावी पैसे पाठवले होते, आणि हात आखडला होता. त्यांनी उपाय काढला तो असा: जाळीकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या इंजिनाच्या बाजूसच एकमेकींस जोडाव्यात. म्हणजे गळती थांबेल आणि गाडी चालत राहील. हा उपाय तिकडे सर्रास करतात, आणि उन्हाळ्यात त्यात काही वावगे नाही. पण मग गाडीत ऊब उरत नाही आणि काच साफ राहत नाही. डिसेंबर उंबरठ्यावर होता. "वसंतापर्यंत कसे तरी निभावू," असे ते म्हणाले. कन्याही म्हणाली, "मी पायांवर घोंगडी घेईन." काचेवर घोंगडी घालून कसे चालेल, हे मात्र कोणी बोलले नाही.

येथे आम्ही अडचणीत सापडलो. वाचकांपैकी जे कोणी मुलीचे बाप असतील, त्यांस ही अडचण सांगावी लागणार नाही. जावयाच्या घरी पाहुणा म्हणून राहावे आणि त्याच्याच निर्णयावर बोट ठेवावे, हे आपल्या रीतीत बसत नाही. जावयास काम सांगणे तर त्याहून अवघड. आमच्या कुटुंबाने आम्हांस एकीकडे घेऊन बजावले, "तुम्ही काही बोलू नका, मी जपमाळ म्हणते आहे." ती म्हणतच होती. कन्या निघाल्यापासून रुग्णालयातून तिचा निरोप येईपर्यंत तिच्या हातून माळ सुटत नसे. पण आम्ही बेळगावच्या उद्यमबागेत ३२ वर्षे लेथवर काढलेली. यंत्र समोर असताना कोणी न पाहताच "होत नाही" म्हणावे, हे आमच्या बुद्धीस पटेना.

बेळगावात असतो तर वाट सोपी होती. आपल्याकडचा जुन्या धाटणीचा रेडिएटर पितळेचा व तांब्याचा. रेडिएटरवाला तो उतरवतो, तोंडे बंद करून पाण्याच्या हौदात बुडवतो, आत हवा भरतो. बुडबुडे जेथून निघतील तेथे डाग देतो, की काम संपले. तरुणपणी आम्ही त्यांच्या दुकानांपुढे उभे राहून ते तासन्‌तास पाहिले आहे. परंतु ही जाळी अ‍ॅल्युमिनियमची. तिला कल्हईचा साधा डाग धरत नाही. शिवाय एके ठिकाणी छिद्र पडले म्हणजे बाकीची धातूही आतून तितकीच विरलेली असते. राहिला ड्रायव्हरांचा दुसरा उपाय, रेडिएटरात मूठभर हळद टाकणे. हसू नये, हळद फुगून बारीक छिद्र बुजवते आणि घाटातून गाडी घरी आणते. तिकडेही डब्यात मिळणारी अशी गळतीबंद औषधे आहेतच. पण जी वस्तू छिद्र बुजवते ती जाळीच्या बारीक नळ्याही बुजवते, आणि मग ऊब मिळायची ती मिळत नाही. घाटातल्या रात्रीपुरती हळद ठीक. हिवाळ्याच्या पाच महिन्यांसाठी नव्हे.

आम्ही बोललो नाही. मूस जॉ गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात गेलो. ते एका उद्यानात आहे, आणि कथा-कादंबऱ्यांच्या जोडीने तेथे मोटारी दुरुस्त करण्याची पुस्तकेही ठेवलेली आहेत. त्यांतून १९८० ते १९९६ पर्यंतच्या फोर्ड पिकअपचे पुस्तक काढले, चष्मा पुसला आणि हीटरचे प्रकरण वाचले. त्यातले पहिलेच वाक्य असे होते की, ग्लोव्ह बॉक्स काढावा. ग्लोव्ह बॉक्स म्हणजे बसणाऱ्यापुढचा तो हातमोजे ठेवण्याचा खण. डॅशबोर्ड काढण्याचा उल्लेखच नव्हता! खणामागे एक झाकण, झाकणास काही स्क्रू, आणि झाकणामागे जाळी.

आम्ही ते पान उघडे ठेवून पुस्तक जेवणाच्या मेजावर, जावईबापूंच्या बशीशेजारी ठेवले आणि हात धुण्यास गेलो. परत आलो तेव्हा ते वाचत होते. बराच वेळ वाचून म्हणाले, "मामा, हे तर आपल्याला जमेल." आम्ही म्हणालो, "तुम्हांस नक्की जमेल, जावईबापू. आम्ही बॅटरी धरू." पुढचे सारे सुरळीत झाले.

या झाकणाविषयी थोडे थांबून लिहावेसे वाटते. जुन्या व नव्या कित्येक पिकअपांत ही जाळी अशा जागी असते की, तिला हात लावण्यासाठी डॅशबोर्ड सुटा करून मागे घ्यावा लागतो, चाकाचा दांडा खाली सोडावा लागतो, आणि वातानुकूलन असेल तर त्याचा वायूही काढून ठेवावा लागतो. गॅरेजवाल्याने सांगितलेला दिवस तसल्या गाड्यांत खरोखरच लागतो. त्याने पाहिले नाही, एवढाच त्याचा दोष. पण या गाडीचा आराखडा काढताना, १९८० च्या आधी केव्हातरी, कोणा नकाशे काढणाऱ्याच्या मनात आले असेल की, ही जाळी एके दिवशी गळणार. त्या दिवशी कोणीतरी थंडीत येथे गुडघे टेकून बसलेला असेल, तर त्याच्यासाठी एक दार ठेवू. त्या दाराने गाडी अधिक सुंदर दिसत नाही, अधिक वेगाने धावत नाही. विकत घेणाऱ्यास ते दिसतही नाही. ज्यास कधी भेटणार नाही अशा माणसाची ही आठवण होती. सुतारकाम, गवंडीकाम, शिवणकाम करणारे आमचे वाचक हे चटकन ओळखतील. शिवणीत आत दोन बोटे कापड राखणारी बाई पुढे कधी तरी ते वस्त्र उसवणाऱ्या हातांचाच विचार करीत असते.

शनिवार, ३ डिसेंबर २०२२ हा दिवस ठरला. दोनच दिवसांपूर्वी, १ डिसेंबरला, संत एलिजियस यांचा सण होऊन गेला होता. सातव्या शतकातले हे फ्रान्समधील सोनार. राजाने एका सिंहासनापुरते सोने दिले असता त्यांनी प्रामाणिकपणे त्यात दोन सिंहासने घडवून दिली, अशी त्यांची कथा सांगतात. पुढे ते नॉयाँचे बिशप झाले. सोनार, लोहार, नालबंद आणि अलीकडे मोटार दुरुस्त करणारे यांचे ते आश्रयदाते आहेत. बेळगावच्या कारखान्यांत आपली इतकी मुले काम करतात, पण या संताचे नाव फारसे कोणाच्या कानी नसते. आम्ही त्यांचे स्मरण करून कामास लागलो.

बाहेर उणे २० च्या आसपास थंडी. उघड्यावर पाना हातास चिकटतो. शेजारी एक उक्रेनियन वंशाचे वृद्ध राहतात. त्यांनी आपली गाडी बाहेर काढून शेगडी असलेली मोटारखोली आम्हांस दिवसभर वापरण्यास दिली.

पहिले पथ्य, इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडणाऱ्याच्या तोंडावर उकळता फवारा येतो. आपल्या घाटांतही असे भाजलेले लोक आहेत. इंजिन निवल्यावर रेडिएटरच्या तळाची चावी सोडून कूलंट एका पसरट भांड्यात घेतले. ते हिरवे असावयास हवे. निघाले ते गंजाच्या रंगाचे, आपल्या गढूळ ओढ्यासारखे. तेथेच दुखण्याचे मूळ कळले. कूलंटमध्ये गंज न धरू देणारी द्रव्ये असतात, ती दोन-तीन वर्षांत संपतात. त्यानंतर तेच पाणी धातू खाऊ लागते.

मग खण रिकामा केला. त्यात काय निघावे? एका पत्र्याच्या डब्यात जाडसर मेणबत्ती व आगपेटी, लोकरी टोपी, कन्येची निळ्या मण्यांची जपमाळ आणि एक जुनी वही. मेणबत्ती पाहून आमच्या कुटुंबास समाधान वाटले, की पोरगी प्रार्थना विसरली नाही. जावईबापूंनी खुलासा केला की, ती प्रार्थनेची नव्हे. बर्फात गाडी अडकली तर डब्यात मेणबत्ती पेटवून तेवढ्या उबेवर मदत येईपर्यंत जगायचे असते, आणि तेव्हाही एक काच किंचित उघडी ठेवायची असते. तिकडे हिवाळ्यात घोंगडी, फावडे आणि मेणबत्ती बरोबर ठेवण्याचा पाठच आहे. आमच्या कुटुंबाने मेणबत्ती परत डब्यात ठेवली आणि बराच वेळ ती काही बोलली नाही.

वही पहिल्या मालकाची, त्या शेतकऱ्याची. १९९४ पासून प्रत्येक वेळी तेल बदलल्याची तारीख, किलोमीटर आणि एखादा शब्द. अक्षर ताठ, शाळामास्तरासारखे. दर दोन वर्षांनी कूलंट बदलल्याची नोंद. शेवटची नोंद २००९ ची. २०११ नंतर अक्षर बदललेले, कापरे आणि तुटक. मग कोरी पाने. आम्ही ती वही चुलीपुढच्या म्हातारीच्या गोष्टीसारखी वाचत बसलो असतो, पण जावईबापू स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभे होते.

खणाच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो अडसरांतून सुटून खाली लोंबतो. मागे काळे झाकण दिसले, पुस्तकातल्या चित्रासारखे. त्याआधी इंजिनाच्या बाजूने दोन्ही नळ्या सोडवायच्या होत्या, आणि खरी कसोटी तेथेच होती. २८ वर्षांचे रबर नळीच्या तोंडास चिकटून एकजीव झाले होते. जावईबापूंनी पकडीने पिळण्यास सुरुवात केली. येथे आम्ही प्रथमच त्यांचा हात धरला. पिळले तर जाळीचे तोंड वाकते, आणि ओढाताणीत आसपासचा प्लास्टिकचा पेटाही तडकतो; तो पेटा गावात मिळाला नसता आणि संध्याकाळी कन्येची पाळी होती. नव्या नळ्या आणलेल्याच होत्या, तेव्हा जुन्यांची दया कशास? चाकूने रबरास लांबीच्या दिशेने चीर दिली, फणसाचा गरा सोडवावा तशी ती सोलून काढली. दोन मिनिटांत दोन्ही तोंडे मोकळी.

मग झाकणाचे स्क्रू, लहान पान्याने. एक कोपऱ्यातला, नजरेआड, तो बोटांनी चाचपून काढावा लागला. झाकण निघाले आणि जाळी ओढताच सरळ हातात आली. खाली फडकी आधीच अंथरली होती. तिच्या एका कडेस पांढुरका क्षार जमला होता. पेट्याच्या तळाशी सुकी पाने, गव्हाचा भुसा आणि उंदराचे जुने घरटे निघाले. तेवढे साफ केले नसते तर नव्या जाळीवरही हवा कोंडलीच असती. जुन्या जाळीभोवती स्पंजाची पट्टी होती. दुकानातल्या नव्या जाळीस ती नव्हती, म्हणून नवी पट्टी कापून लावली. ती नसेल तर हवा जाळीतून न जाता कडेने निसटते, आणि नवी जाळी असूनही गाडी गार. दिसण्यात ही बाब क्षुल्लक आहे.

नवी बसवण्याआधी इंजिनातून नळाचे पाणी स्वच्छ येईपर्यंत खेळवले. गंज आत ठेवून नवी जाळी लावणे म्हणजे शेवाळलेल्या घागरीत गोडे पाणी भरणे. आणखी एक गोष्ट पाहिली. बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनास व पत्र्यास जोडणारी वायर गंजलेली असेल तर वीज कूलंटमधून वाट काढते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजवते. येथे ती वायर हिरवी पडलेलीच होती. तारेच्या ब्रशाने घासून लखलखीत केली. ज्यांच्या गाडीत नवी जाळी वर्षाच्या आत पुन्हा गळते, त्यांनी तेथे अवश्य पाहावे.

झाकण मात्र लगेच लावले नाही. कूलंट अर्धे आणि शुद्ध पाणी अर्धे असे भरून, रेडिएटरचे तोंड उघडे ठेवूनच थंड इंजिन चालू केले. नळ्यांत अडकलेली हवा निघण्यासाठी गाडीचे तोंड उतरणीच्या वरच्या बाजूस ठेवले होते. जावईबापू नळ्या हळूहळू दाबत, आणि बुडबुडे येत त्याप्रमाणे आम्ही कूलंट घालीत गेलो. पाव तासाने थर्मोस्टॅट उघडला. उजवीकडची नळी हाताला गरम, थोड्या वेळाने डावीकडचीही. मग तोंड बंद करून दाब चढू दिला आणि बॅटरीच्या प्रकाशात दोन्ही जोड पाहिले. कोरडे होते. तेव्हाच झाकण, स्क्रू, खण, आणि खणात मेणबत्ती, माळ, टोपी, वही. कामास लागलो होतो सकाळी नवास. दुपारचे तीन झाले होते, त्यात जेवण आले. पंखा पूर्ण लावला तेव्हा डॅशबोर्डातून धुळकट, जळकट वास आला, आणि मागोमाग ऊन हवा. कन्या रात्रीच्या तयारीची झोप काढून बाहेर आली होती. तिने हातमोजे काढून दोन्ही तळवे त्या झरोक्यापुढे धरले.

जुनी काच आतून व्हिनेगर घातलेल्या पाण्याने तीनदा पुसावी लागली. तो चिकट थर एका हाताने जात नाही. साडेपाचला ती निघाली. सात वाजण्यास पाच मिनिटे असताना निरोप आला, "पोचले. कोट काढून गाडी चालवली."

रविवारी मिस्सेहून आल्यावर जावईबापूंनी त्या जुन्या वहीत, शेतकऱ्याच्या कापऱ्या अक्षराखाली दोन ओळी सोडून, तारीख व किलोमीटर लिहिले आणि पुढे मराठीत लिहिले, "हीटरची जाळी, नळ्या व कूलंट नवीन." इंग्रजीत का नाही, असे आम्ही विचारले नाही.

जुन्या जाळीस सायकलचा पंप लावून आम्ही ती बादलीत बुडवली, बेळगावची सवय. बुडबुडे निघाले ते क्षार जमलेल्या कडेवरून, नळी व टाकीच्या सांध्यातून, सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून, एकामागून एक. काढलेले कूलंट झाकणाच्या डब्यात भरून जावईबापूंनी ते जुने तेल व कूलंट घेणाऱ्या केंद्रावर दिले. गटारात ओतण्याची वस्तू ती नव्हे. आठवड्याने क्लॅम्प पुन्हा अर्धा फेरा आवळले. पातळी पेलाभर उतरली होती, ती अडकलेल्या हवेमुळे, तेवढे घातले. त्यानंतर आम्ही असेतोवर ती रेषेवरून हलली नाही.